विश्राम मिस्त्री आणि फहाहीलचं दार

माझं अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचंही काही खरं नाही. कोणी वाचलंच तर माफ करा. पण इथे कुवेतला भेटलेल्या आमच्याकडच्या सुताराबद्दल, विश्राम मिस्त्रींबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं, कारण रिकाम्या घराचं दार वाजवून उत्तराची वाट बघणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

बोटाच्या पेरांनी तीनदा वाजवायचे. मग कान लावून उभे.

"मिस्त्रीनू, वीस वर्सां ह्या घरात कोण नाय. हाक कोणाक मारतास?" मी एकदा विचारलं.

"घरवाल्याक नाय गो बाय, दाराक. हात लावच्या आधी इचारूक नको?"

एकदा आत खरंच कोणीतरी होतं. घराच्या दुरुस्तीचं काम बघणारे आमचे नाशिकचे इंजिनियर साहेब टेप घेऊन भिंती मोजत होते. मिस्त्रींनी दार वाजवलं आणि आतून आवाज आला, "या की, उघडंच आहे!" मिस्त्री पायरीवर मटकन बसले. साहेब बाहेर आले, तर हे हात जोडून. "तुमी बोललास होय? माका वाटलां, दार पावलां."

मी सबाह अल-सालेमला एका कुवेती घरात स्वयंपाकाला आहे. इथे मालकिणीला मामा म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला फार हसू यायचं. मालकिणीच्या वडलांचं जुनं घर फहाहीलला, समुद्राजवळ. भिंती समुद्रातल्या दगडाच्या, छत गोल वाशांचं, वर चटया आणि माती. मुलगा म्हणत होता, पाडू आणि फ्लॅट बांधू. मालकीण म्हणाली, होतं तसं उभं करायचं. साहेबांनी जुन्या पद्धतीचा गिलावा करणारे गवंडी शोधून आणले. छताला वासे मिळाले. अडलं ते पुढच्या मोठ्या दारापाशी. दोन झडपांपैकी एक कधीच कुठेतरी गेली होती. साहेब म्हणाले, नवीन सागाची करून घेऊ.

मी तेव्हा दोघांचा चहा घेऊन आत गेले होते. सहा वर्षांत परक्या माणसासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी कसं उघडलं देव जाणे. म्हटलं, "आमच्या बाजूचे एक सुतार आहेत इथे."

मालकिणीनं मिस्त्रींना सागासाठी दीडशे दिनार आगाऊ दिले आणि मला हिंदी-अरबीत बजावलं, "तू सांगितलंस म्हणून देते. तो पळाला तर तुझ्या पगारातून." मी मान हलवली. दीडशे दिनार म्हणजे माझा सव्वा महिन्याचा पगार, आणि गावी मुलीची नर्सिंगची फी भरायची होती.

मिस्त्रींनी पैसे खिशात घातले आणि काम सुरू केलं. काम म्हणजे उरलेल्या झडपेसमोर बसून राहणं. तिचा वास घ्यायचे. वाकलेले खिळे उपटून दगडावर सरळ करायचे आणि दुधाच्या डब्यात ठेवायचे. साहेबांनी स्क्रूची पेटी आणून दिली तर ती पायानं बाजूला सारली. "इस्क्रू म्हणजे भाडोत्री. खिळो म्हणजे घरचो माणूस."

"मिस्त्री, साग कधी आणणार?" साहेब विचारायचे.

"घाय कित्याक? दार पळान जाता काय?"

"दार नाही हो, पण..." असं म्हणून साहेब माझ्याकडे बघायचे आणि मी भांड्यांकडे.

पाच आठवडे गेले. साग नाही. शुक्रवारी ते जुन्या बाजारात हिंडताना दिसतात, असं मालकिणीचा ड्रायव्हर सांगायचा. मी धीर करून विचारलं, "मिस्त्रीनू, पैशे हत ना?"

"नाय," ते शांतपणे म्हणाले. "खर्च झाले."

रात्री मी पगारातून दीडशे वजा करून मुलीची फी मोजत बसले. पुढच्या शनिवारी मालकीण मला बरोबर घेऊन फहाहीलला गेली, तर मिस्त्री भाड्याच्या गाडीतून एक टेबल उतरवत होते. चहाच्या डागांनी भरलेलं, लोखंडी पायांचं, चांगलं लांबलचक टेबल. मालकिणीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, पगार आजच कापला.

मिस्त्रींनी टेबल उलटं केलं, पाय काढले आणि ती फळी उरलेल्या झडपेच्या शेजारी उभी केली. खिळ्यांच्या ओळी ओळींना लागल्या. कडीची झीज झिजेला लागली. हरवलेल्या झडपेचंच केलेलं ते टेबल जुन्या बाजारात एका चहावाल्याकडे सापडलं होतं. मिस्त्रींचा चेहरा बघून त्यानं किंमत दीडशे सांगितली आणि मिस्त्रींनी घासाघीस केली नाही. "ह्या दारासमोर भाव करूचो? ता ऐकत हुता ना!"

मालकीण जवळ जाऊन खाली बसली. तिनं त्या फळीच्या खालच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, बोट फिरवलं. तिथे लहानपणी तिनंच खिळ्यानं ओढलेली रेघ होती. ती बराच वेळ उठलीच नाही.

मग डोळे पुसून म्हणाली, हिशेब मिटला. मी मिस्त्रींना ते सांगितलं.

"मिटलो नाय," मिस्त्री म्हणाले. "पैशे सागवानाचे हुते. मी सागवान घेवक नाय, माझो हट्ट घेतलंय. सांग मामाक, दितलंय परत. दर बेस्तरवारी पाच."

बेस्तरवार म्हणजे गुरुवार. दीडशेचे तीस गुरुवार. साहेब हसले, मालकीण चिडली, मिस्त्री हलले नाहीत.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारी यायचे. अॅल्युमिनियमच्या दाराला "पत्र्याचो डबो" म्हणायचे, पण वाजवायचे तेही. मालकिणीला पाच दिनार द्यायचे, आणि इतक्या लांबून आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय कसं पाठवायचं, म्हणून पायरीवर बसून माझ्या हातची बांगड्याची आमटी आणि भात जेवायचे. त्यांच्या खोलीत सहा माणसं, पण मालवणी बोलणारं एकही नाही. बायको गेल्यापासून गावी फोन करायला कोणी उरलं नव्हतं. हे त्यांनी आमटी-भात कालवता कालवता सांगितलं, मीठ जरा कमी आहे सांगावं तसं.

अकराव्या की बाराव्या गुरुवारी पाचची नोट काढताना त्यांच्या खिशातून नोटांची घडी खाली पडली. वीस-वीसच्या नोटा, चांगली जाड घडी. उरलेलं सगळं त्यातच फिटलं असतं. मी बघितलं, आणि मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

"मिस्त्रीनू, ह्ये हत तर..."

त्यांनी बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "एकदम दिलंय तर सपला ना गो. मगे बेस्तरवारी खंय जावचा?"

मी मालकिणीला काही सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारपासून थोडी सोलकढीही करायला लागले.

तिसावा गुरुवार गेल्या आठवड्यात आला. मिस्त्रींनी नवा शर्ट घातला होता. मालकिणीनं शेवटचे पाच दिनार घेतले, "खलास," म्हणाली आणि आत गेली. दीडशेचे दीडशे फिटले. मिस्त्री पायरीवरून उठले नाहीत. मी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.