कंट्रोलरकाकांचं कोरियन

सकाळी दूधवाला आमच्या गल्लीत शिरला की समोरच्या घरातून एक गृहस्थ बाहेर यायचे. डोक्यावर माकडटोपी, अंगात बनियन. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ते कमरेत वाकायचे आणि पार बसस्टँडवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आन्न्यंग हासेयो!"

पहिल्या वेळी दूधवाल्याच्या हातातलं माप खाली पडलं. तो माझ्या दारात येऊन हळूच म्हणाला, "बाई, काकाला काही बाहेरचं झालं का?" पुढं पुढं तोही वाकायला लागला. वाकल्याशिवाय काका पातेलं पुढं करायचे नाहीत.

हे आमचे गंगाधरकाका. सगळं मंठा गाव त्यांना कंट्रोलरकाका म्हणतं. सारी नोकरी त्यांनी इथल्या बसस्टँडवर जाळीच्या खोलीत बसून गाड्या पुकारण्यात काढली. परतूर, जिंतूर, लोणार, जालना. माइक बंद पडला तरी कुणाची गाडी चुकत नसे, असा आवाज. रिटायर झाले तेव्हा खोली मागं राहिली, आवाज तेवढा घरी आला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं" असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्यच सुरू होत नसे. मी रस्त्यापलीकडं, त्यांच्या समोरच राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी वर्गाची तयारी करताना मला खिडकीतून ऐकू यायचं, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं, डाळीत मीठ न्हाई."

आणि स्वयंपाकघरातून सुमनकाकूंचं उत्तर, "गाडी रद्द झाली. उपाशी झोपा."

काकू तीर्थपुरीच्या. बोलायला अशा तिखट की भाजीवाला त्यांच्या दारापुढून मुकाट्यानं जायचा. आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांना झटका आला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. सगळं समजायचं, माणसं ओळखू यायची, डोळे आधीसारखेच तिखट होते. पण शब्द येत नव्हते. तोंडातून एकच आवाज निघायचा, "ने." न्हाईचा तुटलेला तुकडा असावा तसा. चहा घेता का काकू? ने. उन्हात बसता का? ने. मान हलवायला गेल्या तर तीही भलतीकडंच हलायची. मग आम्ही चहाचा कप परत घेऊन जायचो. जाणाऱ्या कपाकडं त्या बघत राहायच्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, शब्द म्हणून घ्या. काका समोर बसून पुकारायचे, "म्हण, पाणी. पा-णी. जल्दी न्हाई, आरामात म्हण." गल्लीतल्या बायकाही येऊन बसायच्या आणि लहान लेकराशी बोलावं तसं हळूहळू, मोठ्यानं बोलायच्या. "काकूऽऽ, मी कोऽऽण?" काकू भिंतीकडं तोंड करून घ्यायच्या. एक दिवस त्यांनी दाराशी येऊन बसणंच सोडलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा कोरियात जहाजं बांधण्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, सूनही तिकडंच नोकरी करते. उन्हाळ्यात त्याचा फोन आला. डिसेंबरात सुट्टी आहे, आईला घेऊन या, बर्फ दाखवतो. आईला चाकाच्या खुर्चीवरून फिरवू, विमानात सगळी सोय असते. डॉक्टर म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू." काकांनी त्याचा अर्थ 'जा' असा घेतला आणि दुसऱ्याच दिवसापासून मोबाईलवर कोरियन शिकायला बसले.

त्यानंतर गल्लीचं जे झालं ते झालं.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला, त्याला काकांनी आन्न्यंग हासेयो म्हणत इतकं खाली वाकून नमस्कार केला की कंबर धरली. हवालदारानंच त्यांना खांद्याला धरून सरळ केलं. भर ऑक्टोबरच्या उन्हात स्वेटर घालून ते किराणा दुकानात जायचे, थंड पेयांच्या फ्रीजचं दार उघडून त्यात डोकं घालायचे आणि ओरडायचे, "चुवोयो! चुवोयो!" म्हणजे थंडी वाजते. दुकानदार म्हणायचा, "काका, दार लावा, माल गरम होऊन राह्यला." एका लग्नात वाढप्याला म्हणाले, "थोडा बाप वाढा." वाढपी बादली खाली ठेवून उभाच राहिला. "माझा बाप कामून काढला?" कोरियनमध्ये बाप म्हणजे भात, हे त्याला पटवून देईपर्यंत मागच्या पंगतीची माणसं उठून आली.

पण काकांचा खरा हट्ट एका शब्दावर होता. येईल-जाईल त्याला अडवून ते शिकवायचे, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. ने म्हंजे काय?"

"न्हाई."

"बिलकुल न्हाई! ने म्हंजे हो. त्या देशात हो म्हणायला ने म्हणतेत. ध्यानात ठिवा. म्हणा, ने म्हंजे?"

"हो, काका."

किराणावाला, दूधवाला, पिठाच्या गिरणीवाली, शेवटी माझ्या वर्गातली पोरंसुद्धा. सगळ्यांकडून हे पाठ करून घेतलं. गल्लीत हसू व्हायचं. काहींना रागही यायचा. बायको अशी पडलेली, तिच्या तोंडात आपली भाषा उरली नाही, आणि हा माणूस परदेशाच्या नादात गावाला पढवत फिरतो. मलाही तसंच वाटत होतं. एकदा बोलूनही दाखवलं. ते नुसते हसले आणि स्वेटरची बटणं लावत निघून गेले.

एका रविवारी दुपारी मी धपाटे घेऊन त्यांच्याकडं गेले. दार उघडंच होतं. आत दोघं जमिनीवर समोरासमोर बसली होती, मध्ये काकूंचं ताट. काकांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा हळू ऐकला.

"बाप?"

"ने," काकू म्हणाल्या. काकांनी भात वाढला.

"मुल?"

"ने." काकांनी पाण्याचा पेला तोंडाशी धरला.

"सोगुम?" काकूंनी डाव्या हातानं त्यांचा हात बाजूला सारला. मीठ नको होतं. मग मला पाहून त्या ओशाळल्या नाहीत, हसल्या. त्यांना हसताना पाहून मला कित्येक महिने झाले होते.

त्यांचं जेवण झाल्यावर काका मला ओट्यावर घेऊन आले. आत ऐकू जाऊ नये म्हणून खाली बसून बोलले.

"बाई, पहिल्याच दिवशीची गोष्ट हाय. मोबाईलमधी ती कोरियाची पोरगी शिकवून राह्यल्ती. मी आपला बघून राह्यलो, सुमन बाजूला. पोरगी म्हणली, ने म्हंजे हो. तसा सुमननं माझा हात धरला. असा धरला, सोडंच ना. अन् हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती हो म्हणून राह्यल्ती हो, बाई. दिवाळीपासून हो म्हणून राह्यल्ती, अन् आपण समदे तिच्या म्होरून ताट उचलून नेऊन राह्यलतो. नको असलं की ती डाव्या हातानं सारती. ने म्हणताना कधीच सारलं न्हाई तिनं. जाळीमागं बसून मी एवढं गाव बोलतं ऐकलं, अन् घरातलं एक माणूस ऐकू आलं न्हाई मला."

"मग काका, हे सरळ सांगायचं ना सगळ्यांना! कोरियन कशाला?"

"सांगितलं असतं तर तिची कीव केली असती लोकानं. आधीच काय कमी करतेत? ही माझी टिंगल करतेत, ती चालती. तिला मी घरात सांगितलं, आजपासून आपल्या घरात कोरियन. मला बी येत न्हाई, तुला बी येत न्हाई. दोघं बराबर."

त्यानंतर मी गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही. पण काकू पुन्हा दाराशी येऊन बसायला लागल्या. किराणावाला जाता जाता विचारायचा, "काकू, बिस्किटं देऊ का?" त्या म्हणायच्या, "ने." आणि त्याच्या हातून पुडा घ्यायच्या. तो आपला काकांची गंमत म्हणून हसायचा. काकूही हसायच्या. काका आत बसून मोबाईलमधल्या पोरीच्या मागं ओरडत असायचे.

बॅगा भरून झाल्या होत्या. काकूंसाठी लोकरीचे मोजे आले होते. दिवाळी नुकतीच सरली होती. एका सकाळी उन्हात बसल्या बसल्या काकू एका अंगाला कलंडल्या. जीप करून जालन्याला नेलं. मी सोबत गेले. काका सगळा रस्ता त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

मुलगा आला, दिवस झाले. जाताना तो म्हणाला, "अण्णा, इथं एकटे राहू नका. चला माझ्यासंगं." काकांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मुलानं हाताला धरलं, हे निघाले. काकूंचे मोजे त्यांनी बॅगेतून काढून माझ्या हातात दिले. "शाळेत एखाद्या पोरीला द्या," एवढंच बोलले. गल्लीतून बाहेर पडताना कुणाला पुकारलं नाही, कुणापुढं वाकले नाहीत.

संक्रांत होऊन गेल्यावर ते परत आले. मुलगा ठेवून घेत होता, पण राहिले नाहीत. मी दुपारी तिळाचे लाडू घेऊन गेले. घरात एवढी शांतता की बसस्टँडवरच्या गाड्या ऐकू येत होत्या. मी विचारलं, "काय म्हणतंय कोरिया? किती बोललात मग?"

"एक शब्द न्हाई," ते म्हणाले.

लाडवाची वाटी मी मध्ये ठेवली. मग त्यांनी हळूहळू सांगितलं.

मुलगा-सून दिवसभर कामावर. हे एकटे, पार वरच्या मजल्यावर. कंटाळून एक दिवस खाली उतरले. खाली एका म्हातारीचं भाजीचं दुकान होतं, बाहेर भट्टीवर ती रताळी भाजत होती. हे उभे राहिले तसं तिनं विचारलं, जेवलात का? आपल्या मंठ्यात विचारतात तसंच. प्रश्न त्यांना शब्द न् शब्द समजला. उत्तरही ठाऊक होतं: ने.

"पण तोंडातून निघंना, बाई. इथपर्यंत येऊन राह्यलं, म्होरं येईना. तिला वाटलं मला कळलं न्हाई. मंग ती मोठ्यानं बोलली. मंग अजून मोठ्यानं, अन् हळूहळू, असं एकेक अक्षर तोडून." काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "सुमनला आपण कसं करून राह्यलतो, ते मला तिथं त्या थंडीत कळलं."

म्हातारीनं शेवटी बोलणं सोडलं. भट्टीतलं एक रताळं कागदात गुंडाळून यांच्या हातात ठेवलं आणि बसायला स्टूल सरकवलं. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा गेले. मग रोजच जायला लागले. तिनं परत काही विचारलं नाही. ती भाजी निवडायची, हे भट्टीशी बसायचे. बाहेर बर्फ पडायचा.

"निघायच्या दिवशी सांगायला गेलो. पोरानं तिला समजून सांगितलं, हे आज जाऊन राह्यले. तर ती उठली, वाकली, अन् म्हणली, आन्न्यंगही गासेयो. तुम्हाला सांगतो बाई, त्यांच्यात निरोपाचे दोन बोल हायेत. जाणाऱ्यानं मागं राहणाऱ्याला म्हणायचं, नीट ऱ्हा. अन् राहणाऱ्यानं जाणाऱ्याला म्हणायचं, नीट जा. सरळ जाच म्हणतेत. मोबाईलवर मी दोन्ही बोल शिकल्तो. बराबर पाठ होते." त्यांचा आवाज खाली आला. "जालन्याला तिचा हात माझ्या हातात होता. डोळे उघडे होते. माझ्याकडंच बघून राह्यल्ती. एवढं बोलायचं होतं फक्त, नीट जा. पण आपल्यात जा म्हणत न्हाईत ना, बाई. कसं म्हणायचं? मी आपला तिला म्हणून राह्यलो, थांब, थांब, डॉक्टर येऊन राह्यले. थांब म्हणत राह्यलो. तिला किती तरास झाला असल."

लाडवाची वाटी आमच्या दोघांत तशीच पडून होती. बाहेर रिकाम्या किटल्या खडखडवत दूधवाल्याची सायकल परत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत काकांनी तिच्याकडं पाहिलं, पण उठले नाहीत.

पेपर तपासायचे होते, म्हणून मी उठले. ते दारापर्यंत आले, चौकटीला हात लावून उभे राहिले.

"येते मी, काका."

"या," ते म्हणाले.

मी रस्ता ओलांडला. मागून पुन्हा आवाज आला. पुकारल्यासारखा नव्हता, जेमतेम मला ऐकू येण्याएवढा होता.

"उद्या या, बाई. शाळा सुटली की या."