इन्स्पेक्टर ओन्सेला येतो

सरकारी माणसाला कसं हाताळायचं, ते मला विचारा. या डोंगरावर सून होऊन आले त्याला चोपन्न वर्षं झाली. तेवढ्या काळात सात इन्स्पेक्टर येऊन गेले आणि सातही जण पट्टा एक भोक सैल करून परतले. एक तर माझ्याकडे इतका जेवला, की त्याला लिफ्टच्या खुर्चीत बसवल्याबरोबर तार खाली आली आणि पलीकडच्या रिकाम्या खुर्च्या घंटेसारख्या वाजल्या. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. अर्थात तो आता नाही. माझ्या जेवणाने नव्हे, वयाने गेला.

आमचा स्कीचा उतार लहानसाच. लोकांना वर नेणारी लिफ्ट म्हणजे तारेला टांगलेल्या अठरा खुर्च्या, नऊ खांब, एक तार. खाली माझं स्वयंपाकघर, वर एक खोपटं. सासऱ्यांनी सुरू केला, नवऱ्याने चालवला, आता माझा नोल्बेर्तो चालवतो. पूर्वी नियम एकच होता, पडलात तर उठा. आता सरकारने चौसष्ट कलमांचं पुस्तक काढलंय. खांबांना गाद्या बांधा, दरीच्या बाजूला जाळ्या लावा, खुर्चीला आडवा दांडा लावा, लाल बटणापाशी माणूस बसवा. मी वाचायला घेतलं. नवव्या कलमापर्यंत गेले आणि तिथेच झोपले. माझी मान अजून दुखतेय.

नोल्बेर्तोने मात्र चौसष्टही वाचली. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "आई, शनिवारी शाळांना सुट्ट्या लागतात. तोवर परवाना मिळाला नाही तर हिवाळा बुडाला. मग मी उत्तरेला खाणीत जातो. बॅग भरलीय."

"खाणीत काय ठेवलंय?"

"खड्डा. पण परवाना असलेला खड्डा."

मी हसले खरी. शेजारच्या एदुविहिसचा मुलगा असाच खाणीत गेला. आता तिला तो फोनवर दिसतो, तेही कपाळापासून वर.

बुधवारी फोन वाजला. नोल्बेर्तो वर होता, मी उचलला. वाऱ्याने नुसती खरखर. पलीकडून आवाज आला, "सेन्योरा, मी इतुर्रिएता, लिफ्टच्या तपासणीला उद्या येतोय. ओन्सेला."

"या की," मी म्हणाले. "गोड चालतं ना?"

"काय?"

"काही नाही. या."

आता यात माझी चूक काय ते तुम्हीच सांगा. आमच्या चिलीत ओन्से म्हणजे अकरा, आणि ओन्से म्हणजे संध्याकाळचा चहा-पावही. का, ते मला विचारू नका, मी जन्मले तेव्हा ठरलेलंच होतं. अकरा वाजता म्हणायचं तर 'आ लास ओन्से', चहाला म्हणायचं तर 'आ ला ओन्से'. फरक एका 'स'चा. आणि शब्दाच्या शेवटचा 'स' गिळल्याशिवाय आमच्याकडे कुणाला बोलताच येत नाही. आता सरकारी माणूस स्वतःहून चहाला येतो म्हटल्यावर मी काय ऐकणार?

"सहाला येणार," मी नोल्बेर्तोला सांगितलं. "चहाला."

"चहाला?" तो म्हणाला. "बरा माणूस दिसतोय."

म्हणजे गुरुवारचा अख्खा दिवस हातात होता, आणि तो हवाच होता. दरीच्या जाळ्या माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर होत्या. खांबांच्या गाद्यांवर मागच्या महिन्यात माझ्या बहिणीचं गणगोत झोपून गेलं होतं, त्या अजून माडीवर होत्या. वरच्या खोपट्यातला नळ गोठला होता, त्यासाठी गावातल्या पाइपवाल्याला बोलावलं होतं. सकाळी नोल्बेर्तो अर्ध्या जाळ्या घेऊन वर गेला, आणि मी लाल बटणापाशी स्टुलावर बसले, कलमाप्रमाणे. भट्टीत संध्याकाळचे पाव टाकले होते.

तेवढ्यात एक माणूस आला. बारीक, चष्मा, हातात पत्र्याची पेटी, काखेत वही.

"तपासायला आलोय," तो म्हणाला.

"तपासा की. वर गोठलंय सगळं. उशीर केलात."

त्याने घड्याळ पाहिलं. "ओन्से म्हणालो होतो."

"ओन्सेला तर इन्स्पेक्टर यायचाय. त्याच्याआधी तुमचं उरका आणि मागच्या वाटेने निघून जा. त्याच्या नजरेला पडू नका, आधीच आमच्या भानगडी थोड्या नाहीत."

"कसल्या भानगडी?"

पाइपवाल्यापुढे काय लपवायचं? मी सगळं सांगितलं. जाळ्या, कोंबड्या, गाद्या, बहीण. तिसऱ्या खुर्चीचा दांडा अडकतो आणि सातव्या खुर्चीला दांडाच नाही, हेही सांगितलं. तो वहीत लिहीत होता.

"हल्ली पाइपवालेही लिहून ठेवतात?"

"बोला आजी, बोला," तो म्हणाला. "अजून काही?"

इतकं मन लावून माझं बोलणं नवऱ्यानेही कधी ऐकलं नव्हतं. खूश होऊन मी नोल्बेर्तोसाठी काढलेली गरम पावांची टोपली त्याच्या मांडीवर दिली आणि त्याला येईल त्या खुर्चीत बसवलं. ती सातवी होती.

"दांडा?" त्याने विचारलं.

"टोपली धरा," मी म्हणाले.

तो पाचव्या खांबापाशी पोचला आणि मला करपल्याचा वास आला. भट्टीत पाव! उठले, आणि कलम आठवलं. तेवढं एक झोपेच्या आधी वाचलं होतं. बटणापाशी माणूस नसेल तर लिफ्ट चालू ठेवायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारचं ऐकलं. लाल बटण दाबलं, लिफ्ट थांबवली आणि स्वयंपाकघरात गेले.

पाव वाचले. मग फोन वाजला.

"मावशी, पाइपवाला बोलतोय. गाडी चिखलात रुतलीय. उद्या आलो तर चालेल?"

मी फोन तसाच ठेवला. खिडकीतून पाहिलं. पाचव्या खांबापाशी, दोन मजले उंचीवर, तो सरकारी माणूस दोन्ही हातांनी टोपली कवटाळून बसला होता आणि वाऱ्याने हळूहळू गोल फिरत होता.

गुडघे हातात घेऊन धावले. बटण सोडलं, पण लिफ्ट हलेना. हेही सरकारचंच. नव्या नियमाने बसवलेलं यंत्र. लाल बटण एकदा दाबलं की प्रमुखाच्या किल्लीशिवाय तार सुरू होत नाही. प्रमुख म्हणजे नोल्बेर्तो. तार थांबलेली पाहून तो स्की घालून सरळ खाली आला, तीन मिनिटांत.

"किल्ली?" मी म्हणाले.

त्याने छाती चाचपली. खिसा चाचपला. मग वर डोंगराकडे पाहिलं. "जॅकेटात. जॅकेट वर खिळ्याला आहे. घाम आला होता."

"आणि वर जायला?"

"लिफ्ट," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तो वर कोण आहे?"

"तू ओरडणार नाहीस ना?"

"आई."

"चहाला यायचा होता तो."

नोल्बेर्तो ओरडला नाही. बर्फात खाली बसला. ते जास्त वाईट होतं.

वरून आवाज आला, "कलम एकतीस! अडकलेल्या माणसाला तासाच्या आत दोराने उतरवायचं. मी वेळ लावलीय."

नोल्बेर्तो उठला. दोर आणला, टोकाला ठोकळा बांधला आणि तारेवरून पलीकडे फेकला. तिसऱ्या फेकीला गेला.

"दोर दोन माणसांनी धरायचा," वरून सूचना आली. "दुसरा माणूस कोण?"

"मी," मी म्हणाले.

"वय?"

"एकोणऐंशी."

वर त्याने पुस्तक उघडलं. मग कागद उलटल्याचा आवाज. "पुस्तकात वयाची अट नाही," तो म्हणाला. बिचाऱ्याला फार वाईट वाटलेलं दिसलं.

उतरवला. जन्मभर कणीक मळली आहे मी, दोर काय चीज आहे. तो दोराच्या झोळीत बसला आणि पिसासारखा खाली आला. जमिनीला पाय लागल्यावर त्याने घड्याळ पाहिलं. "बावीस मिनिटं." टोपलीत चार पाव होते, दोन उरले होते.

चुलीपाशी बसवून मी त्याला सूप दिलं. तो लिहीत राहिला. नोल्बेर्तो दाराशी उभा, आणि त्याच्या मागे भिंतीला टेकलेली ती बॅग. मला ते दोन्ही बघवेना.

"साहेब," मी म्हणाले, "तो 'स' तुम्हीच गिळलात."

"फोनवर वारा होता," तो म्हणाला. मग चमचा उचलून म्हणाला, "आमच्या घरीही गिळतात."

मग त्याने कागद फाडून नोल्बेर्तोला दिला. "एक्केचाळीस दोष. चाळीस उद्या संध्याकाळपर्यंत काढा, मी स्वतः येऊन बघेन. पण सुटका बावीस मिनिटांत झाली, तशी या डोंगररांगेत मी कुठेच पाहिलेली नाही. म्हणून परवाना देतो."

"आणि एक्केचाळिसावा?" नोल्बेर्तोने विचारलं.

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. "तो निघण्यासारखा नाही. त्यावर अट घातलीय."

अट अशी, की लिफ्ट चालू असताना सेन्योरा सुनिल्दा हिने, म्हणजे मी, तारेच्या पन्नास मीटरच्या आत यायचं नाही.

नोल्बेर्तोने ती अट दोनदा वाचली आणि हातात बॅग घेतली. मी दार अडवायला उठले. पण तो ती घेऊन माडीवर गेला, आणि मग कपाट उघडल्याचा आवाज आला. चोपन्न वर्षं ज्या तारेखाली काढली, तिच्यापासून मला सरकारने हाकललं, आणि मी आपली त्याच सरकारला सूप वाढत बसले. काय करणार. पोरगा रोज संध्याकाळी घरी येतो, सबंध दिसतो, हनुवटीसकट.

शनिवारी गर्दी झाली. प्रत्येक मनाईची पाटी हवी आणि पाटीवर चित्र हवं, असंही एक कलम आहे म्हणे. त्यामुळे आता तारेपाशी ओळीने पाट्या आहेत. सिगारेट, तिच्यावर लाल रेघ. कुत्रा, त्याच्यावर लाल रेघ. आणि ॲप्रन घातलेली एक म्हातारी, तिच्यावरही रेघ. नोल्बेर्तोनेच काढलीय. नाक जरा मोठं झालंय. लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात.

परवा सांतियागोहून आलेली एक बाई माझ्याकडे चहा घ्यायला थांबली. म्हणाली, "आजी, त्या पाटीवरची ती म्हातारी कोण हो?"

"माझी सासू," मी म्हणाले.