गाडीच्या पोटाला उदबत्ती

गाडीला उदबत्ती आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत सगळेच ओवाळतात. दसऱ्याला, पुढून, नारळ फोडून. आमच्या शेजारचे आप्पा रोज ओवाळायचे आणि तीही खालून. चटईवर उताणे, लुंगी गुडघ्यापर्यंत, हातात पेटती उदबत्ती, नजर धुराच्या रेघेवर. गल्लीत नवीन आलेले भाडेकरू हात जोडून पुढे जात.

पूजा कसली! आप्पांच्या त्या बुटक्या, लाल, दोन दारांच्या म्हाताऱ्या स्पोर्ट्स कारचा धूर मागच्या नळकांड्यापर्यंत पोचण्याआधी वाटेतच कुठंतरी निसटतोय, असा त्यांचा संशय होता. जिथं फट, तिथं उदबत्तीचा धूर थरथरणार. पेट्रोलची गाडी, चालू इंजिन आणि पेटती उदबत्ती! यावर बोलायचं नाही, तर मग कशावर बोलायचं?

आप्पा कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि घरी आले ते ही गाडी घेऊनच. "जन्मभर दुसऱ्याच्या रजा मंजूर केल्या. आता माझी," म्हणाले. मेकॅनिक सांगून थकले, "आप्पा, जुनी गाडी हाय, आवाज करणारच." आप्पांचं एकच पालुपद, "गाडी खोटं बोलत न्हाय."

आणि ती खरं बोलायची भल्या पहाटे. इंजिन गार असताना टिक-टिक-टिक, तापलं की गप्प. मी गच्चीवरून ओरडले, "आप्पा, दुपारी करा की हे!"

"दुपारी लोखंड फुगतंय, फट मिटती. गार असतानाच सापडणार बघ. आन् तू लौकर ऊठ की जरा, पुढारीण व्हायचंय न्हवं तुला?"

मी पत्रक काढलं. 'एकाची हौस, गल्लीची झोपमोड! नागरिकहो, किती दिवस गप्प बसणार?' घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी तेच पत्रक सायलेन्सरच्या जोडाखाली धरलं होतं. "काजळी उमटती का बघतोय. कागद लई झकास वापरलाईस."

पण माझा खरा राग झोपेचा नव्हता. तो आप्पांच्या बायकोसाठी, काकूंसाठी होता. पूर्वी काकू स्कार्फ बांधून, काळा चष्मा लावून त्या गाडीत बसायच्या, तेव्हा अख्खी गल्ली बघायची. मग त्याच गाडीतून करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला जाताना वाटेत त्यांना घेरी आली. डोकं ठणकलं, उलट्या झाल्या. त्या दिवसापासून त्यांनी प्रवासच सोडला. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायच्या, "वय झालं माझं. आता काय तपासायचं?" स्कार्फ भाचीला देऊन टाकला. बायको अशी खचलेली आणि हा माणूस गाडीच्या पोटाला उदबत्ती लावत बसलाय! तोंडावर बोलले मी त्यांना. ते फक्त म्हणाले, "व्हय," आणि परत गाडीखाली सरकले.

शेवटी एका रविवारी पहाटे टिकटिक सुरू झाली आणि माझा संयम संपला. घरातली जुनी चादर उचलली. सोलापुरात चादरींना काय तोटा? खाली गेले आणि चालू गाडीच्या नळकांड्यात ती पायानं दाबून दाबून कोंबली. धूर कोंडला की इंजिन गुदमरून बंद पडतं, एवढं मलाही ठाऊक होतं.

ते बंद पडलं नाही.

आप्पा गाडीखालून सरपटत बाहेर आले. "काय केलंस गं?"

"जाहीर निषेध!"

त्यांनी चादरीकडं बघितलं. मग इंजिनाकडं. मग एकदम ओरडले, "अगं, बंद पडली न्हाय! मागनं बूच मारलं तरी चालतीय! म्हंजे धूर दुसरीकडनं निघतोय. हाय! गळती हाय!"

कोंडलेला धूर आता पुढच्या बाजूला चक्क फुसफुसत होता. आप्पांनी बॉनेट उघडलं, उदबत्ती आत धरली. एका पत्र्याच्या आडोशाला धुराची रेघ फाटली. इंजिनातून धूर जिथं पहिल्यांदा बाहेर पडतो, तिथल्याच नळीला तडा गेलेला. शेजारीच वायर आत जाते त्या भोकातलं रबर गळून पडलेलं. त्या भोकाच्या पलीकडं बरोबर काकूंची सीट. काचा लावल्या की हा धूर थेट त्यांच्या नाकात.

आप्पांनी इंजिन बंद केलं आणि उंबऱ्यावर बसले. हसत होते. डोळे पुसत होते.

"गाडी फुटली म्हणून कुणी एवढं खूश होतं का, आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी हातांची काजळी लुंगीला पुसली. "खोट हितं गाडीत सापडली नसती," ते म्हणाले, "तर ती तिच्यात असती की गं. गाडी उघडून बघता येती. ती काय उघडून बघू देती?"

मी वाकून नळकांड्यातली चादर ओढून काढली.

चिंचोळी एमआयडीसीतल्या वेल्डरनं तडा सांधला. नवं पॅकिंग बसलं, भोकात नवं रबर गेलं. मग आप्पांनी किल्ली माझ्याकडं टाकली आणि स्वतः काकूंच्या सीटवर बसले. काचा लावून आम्ही मोहोळपर्यंत जाऊन आलो. वाटेत ते डोळे मिटून दर थोड्या वेळानं स्वतःचीच चौकशी करत होते, "दुखतंय का? न्हाय. घेरी? न्हाय." मला म्हणाले, "गिअर जरा दमानं टाक. निषेध करतीस का गाडी चालवतीस?"

पुढच्या मंगळवारी भाचीकडून स्कार्फ परत आला आणि काकू करमाळ्याला गेल्या. संध्याकाळी गाडी आली, तेव्हा मी गच्चीतच होते. मुद्दाम नाही, असंच.

काकू दार धरून, कण्हत, एकदाच्या बाहेर आल्या. "डोकं न्हाय दुखलं. पण कंबर मोडली माझी! ही गाडी हाय का पाटावर बसवून फरफटत न्हेताय? आन् त्या खड्ड्यात तुमी मुद्दाम घातलीत, मला दिसत न्हाय का…"

गल्लीभर ऐकू जात होतं. आप्पा गाडीला टेकून उभे होते, मान तिरकी, डोळे मिटलेले. गार इंजिनाची टिकटिक ऐकावी तसे, एकही शब्द निसटू न देता ऐकत होते.