ज्योतिबा आबांची जपानी विहीर

पप्पूच्या लेकीचं, प्रगतीचं, बारसं झालं ते साल दोन हजार तेवीस. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मांडवगण फराट्यातल्या बायका ते बारसं अजून विसरलेल्या नाहीत, कारण पाळण्याभोवती नुसत्या बायकाच होत्या. झाडून सगळे पुरुष ओसरीवर एका कपाटाएवढ्या मशीनला गुळाला मुंगळे चिकटावेत तसे चिकटले होते!

पप्पू रांजणगावला कंपनीत शिफ्टवर जातो. दौंडला स्टेशनजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान कित्येक वर्षं कुलूप लावून पडलं होतं. मालकानं जागा रिकामी केली, तेव्हा पप्पूनं हे धूड उचलून आणलं आणि कंपनीतल्या मित्राकडून चालू करून घेतलं. वर काच, काचेखाली एक दांडा आणि एक बटण. घरात नवीन वस्तू आली म्हणून बानूबाईंनी, म्हणजे पप्पूच्या आजीनं, दांड्याला हळदीकुंकू लावलं. त्यानंतर दोन दिवस जो खेळेल त्याचा तळहात पिवळा दिसायचा.

"आबा, चाळीस वर्षांमागं जपानच्या एका कंपनीनं हे गेम काढले," पप्पूनं आजोबांना सांगितलं. "ह्यात त्यांचे तीन हायेत."

ज्योतिबा आबांचं वय चौऱ्याहत्तर. पहिला गेम त्यांना अजिबात आवडला नाही. त्यात एक पिवळा गोळा तोंड वासून दाणे खात पळतो आणि मागं भुतं लागतात.

"भुतं मागं लागल्यावर कुणी खात बसतं का? पोटाचं काय तंत्र हाय का न्हाई ह्याला!"

दुसऱ्यात आभाळातून माश्यांचे थवे उतरत होते. ते बघून आबा म्हणाले, "फवारणी करा." आणि पप्पूनं तिसरा लावला.

तिसऱ्यात जमीन होती! वर आभाळाची पट्टी, खाली मातीचे थर, जितकं खोल तितका रंग गडद. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस वरून आला आणि सरळ खाली खणत सुटला. आबा खुर्चीवरून उठले.

"आरं, ही तर विहीर हाय!"

आबांनी उभ्या आयुष्यात एकसष्ट विहिरी खणल्या होत्या. आता जमिनीत कुणी मशीन घालतं, कुणी बोअर मारतं, पण एकेकाळी शिरूर-दौंडकडं विहीर म्हटलं की ज्योतिबाचं नाव निघायचं.

"कवा काढला हा गेम?"

"ब्याऐंशी साली."

"म्हंजी आमच्या वाळुंजांच्या विहिरीनंतर एक वर्षानं. आमचंच बघून काढला असंल!"

गेममधल्या माणसाकडं एक पंप होता. जमिनीत राहणारे दोन प्रकारचे प्राणी त्याच्या अंगावर यायचे. एक चष्मा लावलेला लाल जाडा, दुसरा तोंडातून जाळ काढणारा हिरवा. पंपानं हवा भरली की ते फुगून फुटायचे. पण खरी गंमत दगडाची होती. मातीत मोठमोठे दगड अडकलेले. दगडाखालची माती काढून झटक्यात बाजूला झालं की दगड खाली यायचा आणि मागून येणारे प्राणी चिरडायचा. त्याचे गुण जास्त.

पप्पू पंप मारत बसायचा. आबांनी पंपाला हातसुद्धा लावला नाही. कुठला दगड कधी सुटेल हे त्यांना काचेतून दिसायचं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मशीनवर आकडा लागला, एक लाख शहाऐंशी हजार चारशे! पप्पूचा आकडा होता चोवीस हजार. होता म्हणजे आदल्या दिवशी होता. लाइट गेली आणि पुसला गेला. त्या जुन्या मशीनला लाइट गेली की काही आठवायचं नाही. म्हणून पप्पूनं घरचा इन्व्हर्टर आणि बॅटरी त्यालाही जोडून टाकली होती.

आबांनी पहिला फोन लावला तो संपतला.

आता हा संपत कोण ते सांगायला पाहिजे. विहिरींच्या कामात तो आबांचा जोडीदार. एक्क्याऐंशी साली वाळुंजांच्या विहिरीत दगड सुटला आणि संपतच्या पायावर आला. पाय वाचला, पण लंगडेपणा राहिला. तो दगड आपल्याच डोळ्यातून सुटला, असं आबांनी मनाला लावून घेतलं. पुढं संपत लेकाकडं दौंडला राहायला गेला. दोघांत कधी भांडण झालं नाही. संपत एका शब्दानं बोलला नाही. पण चारचौघांत कुणी म्हणालं की खणावं तर ज्योतिबानं, की संपत काही न बोलता आपला गुडघा चोळायचा! बेचाळीस वर्षं आबा तो गुडघा बघत आले होते. दर साली पहिला हुरडा आपल्या हातानं दौंडला नेऊन देत आले होते. आणि आता संपतचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. किती दिवस, ते कुणी उघड बोलत नव्हतं.

"संपत, एक लाख शहाऐंशी हजार!"

"कशाचं?"

"खणायचं! जपानी विहीर हाय. दगडं असतात. एक दगड चुकला न्हाई माझा!"

पलीकडं गुडघा चोळला जात असणार.

"खोटं," संपत म्हणाला.

"पप्पू फोटो पाठवतोय."

"फोटोचं सांगू नगंस. मोबाइलवर नातवानं मला वाघावर बसवलाय. डोळ्यानं बघीन तवा म्हणीन."

"काय म्हणशील?"

"म्हणीन की ज्योतिबाला खणता येतं."

आबांनी फोन ठेवला आणि पप्पूला हाक मारली. "पिकअप सांग. मशीन दौंडला न्यायचंय."

"आबा, बंद करून नेलं तर आकडा जाईल."

"मग चालूच न्यायचं."

"चालू? वरातीत न्हेत्यात तसं?"

"तसंच!"

बानूबाई आतून ओरडल्या, "अवं, त्या इन्व्हर्टरवर बाळंतिणीचा पंखा हाय!"

"थंडीत पंखा कशाला लागतोय?"

"मच्छरांना!"

"तिला मच्छरदाणी दे. मी दोन तासात येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पिकअपमध्ये चढलं. बॅटरी, इन्व्हर्टर, चारी बाजूंनी गोधड्या, वरून दोरखंड, आणि मशीनला मिठी मारून आबा. गाडी खड्ड्यात गेली की गेमचं संगीत वाजायचं आणि आबा गोधडी वर करून आकडा बघायचे. आहे! पुढं पुन्हा खड्डा, पुन्हा गोधडी. आहे! उसाच्या ट्रॉलीवरच्या बाया हात जोडत होत्या. गोधडीत कुठला देव आहे, कुणाला ठाऊक!

पूल ओलांडला आणि नाक्यावर हवालदारानं हात केला. त्यानं गोधडी उचलली. आत कपाटाएवढं मशीन, काच पेटलेली, खाली नाणी टाकायची फट, वायरी लोंबतायत आणि एक म्हातारा त्याला घट्ट धरून बसलाय.

"एटीएम उचललं का रं!"

"न्हाई साहेब! गेम हाय!" पप्पू खाली उडी मारत म्हणाला.

"बंद करा आधी ते."

"बंद?" आबांचा आवाज फाटला. "साहेब, मला आत टाका. ह्याला चालू ठेवा."

हवालदारानं वीस वर्षांच्या नोकरीत असा चोर पाहिला नव्हता. पप्पूनं सगळं सांगितलं. विहीर सांगितली, पाय सांगितला, आकडा सांगितला. हवालदाराला एक शब्द पटला नाही.

"गेम हाय ना? मग खेळून दाखवा."

पप्पूनं खेळून दाखवलं. मग खात्री करायची म्हणून हवालदार स्वतः खेळला. लाल जाड्यानं त्याला लगेच खाल्लं.

"एकदा परत. दांडा घासतोय."

असं सहा वेळा झालं. मागं गाड्यांची रांग लागली. एक टँकरवाला उतरून सल्ला द्यायला लागला, "उजवीकडं, साहेब, उजवीकडं!" इन्व्हर्टर पहिल्यांदा टूं वाजला.

"साहेब," आबा हात जोडून म्हणाले, "बॅटरी संपत आली. माझा जोडीदार बी."

हवालदारानं दांडा सोडला. टोपी नीट केली. "जावा आबा. आन् पुढं कुणी अडवलं तर माझं नाव सांगा." नाव मात्र सांगायचं तो गडबडीत विसरला.

दौंडला संपतच्या दारात गाडी पोचली, तोवर इन्व्हर्टर टिटवीसारखा ओरडत होता. संपत खाटेवर बसला होता. खाट लेकानं दाराच्या तोंडाशी ओढून ठेवली होती. चार माणसांनी मशीन चालूच्या चालू ओट्यावर उतरवलं. पप्पूनं खिडकीतून विजेचा बोर्ड मशीनच्या पायाशी ओढला, इन्व्हर्टरची पिन त्यात खुपसली. टूं टूं थांबलं. आबांनी गोधडी काढली. काचेवर आकडा लखलखत होता.

"बघ!" आबा म्हणाले.

"थांब, चष्मा कुठाय?" संपत उशीखाली चाचपायला लागला.

तेवढ्यात आतून साखरबाई आल्या. संपतची बायको. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. लांबून गाडी, बैल, सून, काहीही पहिल्यांदा दारात आलं की तुकडा ओवाळायचा आणि पायावर पाणी घालायचं, हे त्या माउलीनं आयुष्यभर कधी चुकवलं नव्हतं.

"आजी, नगं!" पप्पूनं हात वर केला.

"अरे, एवढ्या लांबून आलंय, कोरडंच कसं घ्यायचं?"

आणि त्यांनी पाणी घातलं. मशीनच्या पायावर. जिथं बोर्ड होता तिथं.

फाट् असा आवाज झाला. ठिणगी उडाली, घराचा मुख्य खटका पडला, इन्व्हर्टर एकदा कण्हला आणि गेला. काच काळी झाली. काळ्या काचेत आबांना आपलाच चेहरा दिसला.

"सापडला चष्मा," संपत म्हणाला. "कुठाय आकडा?"

साखरबाईंच्या हातातला तुकडा तसाच राहिला. "भावजी, माझं काय चुकलं का?"

"न्हाई वहिनी," आबा म्हणाले आणि ओट्याच्या कडेला खाली बसले. एकसष्ट विहिरी खणून जो माणूस दमला नव्हता तो आत्ता दमलेला दिसत होता.

दोन तासांनी सगळं पुसून, वाळवून पप्पूनं मशीन चालू केलं. पहिल्या नंबरावर कंपनीनंच भरून ठेवलेला आकडा होता, दहा हजार.

"खण पुन्हा," संपत म्हणाला. "मी कुठं चाललोय? हितंच हाय."

आबा उभे राहिले. दांडा धरला. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक! दगड आला की आबांचा माणूस लांबून वळसा घालायचा. दगडाखाली म्हणून गेला नाही. नुसता पंप मारत राहिला, आणि पंपाचं तर आबांना काही येत नव्हतं. दोन हजार आठशेवर खेळ आटोपला.

"दगडाखाली का गेला न्हाईस?" संपतनं विचारलं.

"तू समोर बसलायस न्हवं."

संपत गुडघ्याकडं हात नेत होता. तो हात मध्येच थांबला.

"ज्योतिबा, एक सांगू का? रागावशील."

"सांग."

"त्या दिवशी तू वर जेवाय गेला हुतास. तू म्हणाला हुतास, दगडाला हात लावू नगंस, मी आल्यावर बघतो. मी म्हटलं, ह्याच्याच डोळ्याला कळतं व्हय? खालची माती मीच काढली."

आबा दांडा सोडून ओट्याच्या कडेला बसले.

"मग बोलला का न्हाईस?"

"आधी लाज वाटली. मग तुझा हुरडा याय लागला."

"बेचाळीस वर्षं!" आबा उभे राहिले. "बेचाळीस वर्षं मी हुरडा घालतोय तुला!"

"संगं शेंगदाण्याची चटणी बी असायची, भावजी," साखरबाईंनी आठवण करून दिली.

"आन् तो गुडघा! दर टायमाला चोळायचास त्यो!"

"त्यो खरंच दुखतो रं," संपत कळवळून म्हणाला. मग चष्मा काढून पुसत हळूच बोलला, "ज्योतिबाला खणता येतं. तवाबी येत हुतं. घे, म्हटलं."

आबांना रागवायचं होतं. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण तोंडातून हसू आलं, आणि मग दोघंही इतके हसले की साखरबाई संपतच्या गोळ्या शोधायला धावल्या.

मशीन आबांनी दौंडलाच ठेवलं. इन्व्हर्टरही तिथंच राहिला. त्यावरून बानूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. संपत खाटेवर बसून खेळायचा. पहिल्या दिवशी तीनशे दहा. जानेवारीत एक दिवस त्याचा फोन आला.

"दहा हजार चारशे वीस! कंपनीचा मोडला!"

"खोटं," आबा म्हणाले.

"ये की मग बघाय. येताना हुरडा आण."

आबा गेले. आकडा खरा होता. हुरडाही नेला होता, चटणीसकट.

मशीन अजून तिथंच आहे आणि चालू आहे. पहिल्या नंबरावर दहा हजार चारशे वीस. तो आकडा मी बसल्या बसल्या दहा मिनिटांत मोडीन, असं ज्योतिबा आबा सांगत असतात. महिन्यातून एकदा जातात, मशीनसमोर बसतात आणि दांडा ढिला झालाय म्हणून न खेळता परत येतात. दांडा ढिला नाही, पप्पूनं दोनदा बघितलाय.

संपत मंगळवारी, तेरा फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी सकाळी दौंडला आपल्या घरी वारले.