नीन्के नक्की शिकते तरी काय?

सीत्से हूकेमाच्या वाढदिवसासाठी दिवाणखान्यातल्या खुर्च्या गोल मांडायला सुरुवात झाली आणि त्याने एक खुर्ची हळूच भिंतीकडे सरकवली.

"आल्त्ये, यंदा खुर्च्या दोन-दोन करून भिंतीला लावू या का?" त्याने बायकोला विचारलं.

"डोकं फिरलंय का तुझं? वाढदिवस आहे की दवाखाना?"

सीत्सेने खुर्ची परत गोलात ओढली. त्यांच्या गावात वाढदिवसाला सगळे पाहुणे एकाच गोलात बसत, आणि त्यात एकदा बसलं की सुटका नसते. एकाने काढलेला विषय सगळ्यांच्या मांडीवरून फिरत फिरत आपल्यापर्यंत येतोच. आणि आज त्या गोलात त्याची मुलगी नीन्के बसणार होती. युनिव्हर्सिटीत गेल्यापासून दर वाढदिवसाला तिची कसली ना कसली परीक्षा असायची. यंदा मेली एकही नव्हती.

नीन्के लिबरल आर्ट्स शिकत होती. म्हणजे काय, हे तिने बापाला जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून समजावलं होतं. थोडा कायदा, थोडं जनावरांचं वागणं, थोडं मानसशास्त्र, थोडं तत्त्वज्ञान, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध ते. सीत्सेने मान डोलावली होती. पण तो पडला गाडी शिकवणारा. अर्धं गाव त्याच्या शेजारी बसून गाडी शिकलेलं. शिकाऊ माणसाने गाडी ऐन चौकात घातलेली असते, डावीकडून सायकलींची रांग, उजवीकडून ट्रॅक्टर, आणि नेमका तेव्हाच तो विचारतो, "लेक काय शिकते हो तुमची?" आता तिथे चमचे कुठून आणायचे? मग त्या महिन्यात नीन्केचा जो विषय चालू असेल, तो सीत्से ठोकून द्यायचा. हळूहळू नातलगांशी फोनवरही तेच सुरू झालं. एका शब्दात काम! आणि यात खोटं काहीच नाही, असं तो स्वतःला बजावत असे.

पण एक गोष्ट त्याला टोचत होती. पहिल्या वर्षी नीन्केने फोनवर रडत विचारलं होतं, "बाबा, तुला माझी लाज तर वाटत नाही ना?" तेव्हा तो छाती ठोकून म्हणाला होता, "वेडी का काय तू! गावभर सांगत फिरतो मी, माझी लेक काय शिकते ते!" पोरगी त्या एका वाक्यावर तग धरून राहिली होती. ते वाक्य आज खोटं ठरलं, तर तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघायचं?

पाहुणे आले. रीतीप्रमाणे प्रत्येकाने सीत्सेचं अभिनंदन केलं, मग आल्त्येचं, मग नीन्केचं, मग एकमेकांचं. केकचा एकेक तुकडा वाटून झाला. सीत्सेने हवेचा विषय काढला, तो छान चालला. त्याला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात त्याचा थोरला भाऊ वीबे खाकरला. "बरं झालं नीन्के आहे ते. वकीलबाई, एक काम होतं बघ तुझ्याकडे."

"मी? वकील?"

"केक घ्या, केक!" सीत्से ओरडला.

"अरे, आत्ताच तर दिला," आल्त्ये म्हणाली.

वीबे काही थांबला नाही. "या हारमेनची मेंढी वर्षभर माझं झुडपांचं कुंपण खातेय, आज सकाळी उरलेलंही संपवलं. आख्खं! विमेवाले तडजोड करा म्हणत होते. मी म्हटलं, तडजोड गेली खड्ड्यात, आमच्या घरात वकील आहे."

हारमेन म्हणजे वीबेचा शेजारी, सीत्सेकडेच गाडी शिकलेला. तो समोरच बसला होता. त्याने कप खाली ठेवला. "वकील कसली? ती जनावरांची डॉक्टर होतेय. सीत्सेनेच सांगितलं मला. तुझं ते कडू कुंपण खाऊन माझ्या बेटसीचं पोट फुगलंय, वीबे! म्हणून तर ट्रॉलीत घालून आणलीय. नीन्केने तपासायची आणि लिहून द्यायचं, की कुंपणच वाईट होतं."

बाहेरून बेटसीने दुजोरा दिला.

"भांडू नका रे," सीत्सेची बहीण ग्रीट मऊ आवाजात म्हणाली. "नीन्के मनाच्या आजारांचं शिकतेय. तिलाच करू द्या तुमचा समेट. मीसुद्धा माझ्या झोपेचं आजच विचारणार होते. डॉक्टरांची तारीखही रद्द केली मी."

नीन्के बापाकडे बघत होती. सीत्से केकच्या ताटलीकडे बघत होता.

"वीबेकाका, मी वकील नाही," नीन्के म्हणाली. "जनावरांची डॉक्टरही नाही. आणि ग्रीटआत्या, तू डॉक्टरांची नवी तारीख घे. आत्ताच फोन कर."

"मग शिकतेस तरी काय तू?" वीबेने विचारलं.

"बाबाला विचारा. तो गावभर सांगतो म्हणे."

सगळी डोकी सीत्सेकडे वळली. त्याने घसा साफ केला. दोन चमचे उचलले, जवळ ठेवले, लांब ठेवले. "म्हणजे कसं की... ती सगळंच शिकते."

"सगळंच म्हणजे काहीच नाही!" वीबे कडाडला. "आणि तुझ्या शब्दावर मी विमेवाल्यांना हाकलून दिलं!"

"आणि माझी मेंढी सकाळपासून तळमळतेय," हारमेन म्हणाला.

"खोटारडा आहे हा, हारमेन."

"लहानपणापासून असाच आहे का?"

"असाच! चल, डॉक्टर गाठू. ट्रॉली माझ्या गाडीला लाव, तुझ्या डबड्याला नाही झेपायची."

आणि वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे शेजारी, सीत्सेला शिव्या देत, एकाच गाडीतून गेले. फोन शोधत ग्रीटही गेली. मग बाकीचेही उठले.

स्वयंपाकघरात सीत्से कप विसळत होता. नीन्के येऊन ओट्याला टेकली.

"लाज वाटते तर तसं सांगायचंस," ती म्हणाली.

"नाही गं पोरी! शप्पथ नाही. लाज नाही, वेळ नव्हता! चौकात ट्रॅक्टर समोर आल्यावर काय सांगणार? चुकलं माझं. आज त्या गोलात बसल्यावर कळलं, मला सांगताच येत नाही. आणि त्याचीच लाज वाटली."

नीन्केने केकचा उरलेला तुकडा ओढून घेतला. "बाबा, पुढच्या शुक्रवारी माझ्या पदवीच्या समारंभाला येतोयस ना?"

"म्हणजे काय! नवा शर्ट आणलाय."

"एक सांगायचं राहिलंय. तिथे सगळे विचारायचे, वडील काय करतात. मी एकदा म्हटलं, शिक्षणक्षेत्रात आहेत. आमच्या कायद्याच्या बाईंना सांगितलं, वाहतुकीच्या सुरक्षिततेवर काम करतात. आणि आमच्या मानसशास्त्राच्या सरांना सांगितलं, की भीती घालवण्यातले तज्ज्ञ आहेत." ती केककडे बघत म्हणाली, "सरांनी तुझं पाच मिनिटांचं भाषण ठेवलंय."

सीत्सेच्या हातातला कप पाण्यात पडला. "भाषण? माझं? अगं, गाडी शिकवतो म्हणायला काय झालं होतं? लाज वाटली होय बापाची!"

"लाज नाही. पण गाडी शिकवतो म्हटलं की लोकांना वाटतं, एवढंच."

"एवढंच?" सीत्से ओले हात झटकत भडकला. "एवढंच म्हणतात? गाडी शिकवणं म्हणजे काय नुसतं स्टिअरिंग फिरवणं? त्यात कायदा येतो! यंत्र येतं! घाबरलेल्या माणसाचं मन ओळखावं लागतं, नवरा-बायको एका गाडीत असतील तर वकिली करावी लागते, रस्त्यात गाय आली तर गायीच्या मनात काय आहे तेही कळावं लागतं! आणि हे सगळं एकाच वेळी! हे त्या सरांना काय एका शब्दात सांगायचं?"

"नको," नीन्के म्हणाली आणि चमच्यांचा खण उघडून त्याच्यापुढे ओढला. "पाच मिनिटं आहेत तुला."