जांभळीचं दुखणं

रखमाजीच्या दारातल्या जांभळीची पानं मार्गशीर्षातच गळायला लागली. बरं, सगळ्या झाडाची गळावीत, तर तेही नाही. फक्त त्याच्या खुर्चीच्या बाजूची. कडा करपलेली पानं सावकाश गिरक्या घेत खाली येत आणि खाली रखमाजी घंगाळात पाय सोडून, डोळे मिटून बसलेला असे.

या माणसाने तीस वर्षं घाटातल्या इंजिनांत कोळसा ओतला होता. पेन्शनीत आला आणि पावसाळा सरता सरता पाय सुजले. डॉक्टरांनी मिठाच्या गरम पाण्याचा शेक सांगितला. तेव्हापासून दिवस कलला की बायको, रतनबाई, घंगाळ आणून ठेवी, पाय चोळून देई आणि शेजारी पाटावर बसे. लोणावळ्याच्या डोंगरांवरून धुकं उतरे. दोघं ते बघत बसत. अंधारायला लागलं की ती उठून घंगाळ तिथंच, खुर्चीच्या बाजूला, जांभळीच्या बुंध्याशी रिकामं करी. पाणी वाया घालवायचं म्हणजे तिच्या अगदी जिवावर येई.

पानगळ बघून शेजाऱ्यांना चेव आला. मारुतीने वाळवी सांगितली, विठाबाईने झाडाची दृष्ट काढली. लाकूडवाला हौशीराम म्हणाला, झाड मुळातून गेलंय, कौलांवर कोसळायच्या आत सोमवारी करवत लावतो. झाड गेलं तर संध्याकाळी बसायचं कुठं? रखमाजीने वडिवळ्याकडच्या डोंगरातून झाडाझुडपांतल्या जाणत्या गोविंदा ठाकराला बोलावणं धाडलं.

गोविंदा रविवारी दुपारी आला. हौशीरामही सोमवारची वाट न बघता करवत घेऊन हजर, एवढी त्याला घाई. गोविंदाने वर पाहिलंसुद्धा नाही. बुंध्याशी उकिडवा बसला, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"आबा, झाडाला रोग न्हाई. मीठ खाऊन मराया लागलंय."

सगळ्यांच्या नजरा भिंतीशी पालथ्या घातलेल्या घंगाळाकडे गेल्या. रतनबाईचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, आता शेक घरात चुलीपाशी घेऊ, पाणी मोरीत जाईल. चूल, धूर आणि मोरी! रखमाजीला राहवेना.

"शेक कशाला? पाय दिवाळीतच बरं झाल्यात," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सांगितलं असतं तर तू बसली नसतीस."

"रोज पाय मीच चोळत हुते. सूज उतरल्याली मला काय कळली न्हाई?"

"मग मीठ का टाकत राहिलीस?"

"बंद केलं असतं तर तुमी उठला असता. तीस वरसं सांजच्याला तुमी इंजिनावर. आता कुटं शेजारी बसाया मिळालं."

गोविंदाने डोकं खाजवलं. दोघांकडे पाहिलं, मग झाडाकडे.

"गोडं पानी घाला. लय घाला, पर सावकाश, म्हंजी मीठ खाली जाईल. एकट्याचं काम न्हाई हे. एकानं आणायचं, एकानं वतायचं. पाऊस पडस्तवर रोज सांजच्याला दोघांनीबी हितंच बसाया पायजे."

हौशीराम करवत उचलून निघून गेला. रखमाजीने खांद्यावर हंडा घेतला आणि तडक विहिरीची वाट धरली. अजून दुपारचे दोनच वाजले होते.