दोन पैकी पहिली पेटी

काचेच्या दिव्याभोवती कागदाचा चुरा घालायचा नाही, असं पेटीमास्तरांनी ठरवलं आणि पुढचं सगळं महाभारत तिथून सुरू झालं.

पेटीमास्तर हे त्यांचं गोदामातलं नाव. तीस वर्षं ते पॅकिंग खात्यात होते. काचेच्या नळ्या, भिंगं, आरसे, तराजू असलं नाजूक सामान लाकडी पेट्यांत भरून त्यांनी कुठे कुठे पाठवलं, आणि आजवर एकही वस्तू फुटली नव्हती. (एक आरसा फुटला होता, पण तो पेटीत जाण्याआधी मास्तरांच्याच हातून पडला, त्यामुळे ते तो पॅकिंगमध्ये धरत नाहीत.) त्यांचे नियम तीनच. पेटीत पोकळी ठेवायची नाही. वस्तूचे दोन भाग असतील तर दोन पेट्या करायच्या. आणि पेटी ज्याच्या नावाची, त्यानेच ती उघडायची, मधल्या कुणीही नाही.

आता पेटी लेकीच्या नावाची होती. लेक दोन वर्षांपूर्वी दूरच्या एका थंड शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला गेली, तेव्हा मास्तर दारात उभे राहून म्हणाले होते, "आठ दिवसांत परत येशील." जाताना तिने तिचा टेबललॅम्प मागितला होता. हिरव्या काचेच्या शेडचा तो जुना दिवा बारा वर्षांची असताना तिने स्वतः दुरुस्त केला होता, तिच्या हातची पहिली दुरुस्ती. मास्तर म्हणाले, "राहू दे इथेच. परत आलीस की लागेल." लेक दिवा न घेताच निघाली. त्यानंतर तिचा फोन येई तो आईला, आणि मास्तरांच्या वाट्याला "बाबा बरे आहेत ना?" एवढंच यायचं. ते मास्तरांना फार लागलं होतं, पण सांगणार कुणाला?

या हिवाळ्यात मात्र ती आईला म्हणाली, "बाबांनाही घेऊन ये." मास्तरांनी त्याच दिवशी रजा टाकली. दिवा न्यायचा, तिच्या टेबलावर ठेवायचा आणि एकच वाक्य म्हणायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. वाक्य होतं, "मी चुकलो, तुझं इथे छान जमलंय." आंघोळ करताना त्यांनी ते बरेचदा म्हणून पाहिलं.

"तुमचे गरम कपडे माझ्या बॅगेत घेऊ का?" बायकोने विचारलं.

"माझं मी बघतो. तीस वर्षं दुसरं काय करतोय?"

"तीस वर्षं तुम्ही नळ्या भरताय. कपडे मी भरतेय."

मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांचा हिशोब साधा होता. लेकीच्या घरी कागदाचा कचरा कशाला न्यायचा? लोकरीचे कपडे न्यायचेच आहेत, तर तेच दिव्याभोवती भरू. शेड पहिल्या पेटीत, तिच्याभोवती सहा स्वेटर, दोन मफलर, कानटोपी, हातमोजे आणि जाड कोट. स्टँड दुसऱ्या पेटीत, त्याच्याभोवती उरलेलं.

"उरलेलं म्हणजे काय?" बायकोने विचारलं.

"उरलेलं म्हणजे उरलेलं," मास्तर म्हणाले आणि दोन्ही पेट्या गोदामात घेऊन गेले. सुतळीवर त्यांचा विश्वास नव्हता. तिथे त्यांनी पेट्यांना लोखंडी पट्ट्या आवळल्या, वर ठळक अक्षरांत 'दोन पैकी एक' आणि 'दोन पैकी दोन' लिहिलं, त्याखाली 'घेणाऱ्यानेच उघडावी'. पट्टी कापायची कात्री नेहमीच्या खिळ्याला लावली आणि हात झटकून पेट्या घरी आणल्या.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी दाराशी पेटीवर बसून नव्या बुटांच्या नाड्या बांधल्या, पेटी खांद्यावर घेतली आणि बायकोला म्हणाले, "सगळं घेतलं. चल." गाडीत उबदार होतं. नुसत्या शर्टात बसलेले मास्तर खिडकीबाहेरचा बर्फ बघत होते आणि शेजारच्या प्रवाशाला थंडीबद्दल धीर देत होते. "माणसाची तयारी पाहिजे," ते त्याला म्हणाले.

दुपारी चारला गाडीतून उतरल्यावर मास्तरांना थंडी म्हणजे काय ते कळलं. ती शर्टातून आत आली, पाठीवरून खाली गेली आणि बुटांत जाऊन बसली. स्टेशनवर येऊ नकोस, आम्ही आपले आपण येऊ, असं त्यांनीच लेकीला ठणकावून कळवलं होतं. बायकोने स्वतःचा कोट घातला, गळ्याशी बटण लावलं आणि शांतपणे विचारलं, "तुमचा?"

मास्तरांनी पेटीकडे बोट दाखवलं.

"मग उघडा."

"कात्री गोदामात आहे."

ही सगळी चर्चा एक म्हातारा हमाल ऐकत होता. त्याने पेटीवरून हात फिरवला, पट्टी ओढून बघितली. "काम पक्कं आहे," तो आदराने म्हणाला. "आत काय?"

"स्वेटर," मास्तर म्हणाले. त्यांचे दात वाजायला लागले होते.

हमालाने त्यांच्या शर्टाकडे पाहिलं, मग पेटीकडे. "विकायला आणलेत?"

"घालायला."

"सळईने तोडू का पट्टी?"

मास्तरांचा हात क्षणभर पुढे झाला. पण तीस वर्षांत मधल्या कुणी त्यांची पेटी उघडली नव्हती, आणि लेकीची पेटी तर नाहीच नाही. "घेणाऱ्यानेच उघडायची," ते म्हणाले. बायकोने स्वतःची शाल त्यांच्या खांद्यावर टाकली.

लेकीचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर, उताराच्या रस्त्यावर होतं. त्या उतारावर मास्तरांचा पाय घसरला. ते मटकन चिखलबर्फात बसले आणि पेटी हातातून सुटून एकटीच पुढे निघाली. मास्तर बसल्या जागेवरून ओरडले, "उभी ठेवा, उभी." पेटी घसरत घसरत गेली आणि ज्या दारावर आपटली ते नेमकं लेकीच्याच इमारतीचं होतं. आवाज ऐकून लेक बाहेर आली. तिने आधी पेटी पाहिली, मग उतारावरून येणारी आई, आणि मागे शाल पांघरलेले, पँट ओलीचिंब झालेले, निळसर पडलेले बाबा.

मास्तरांना ते वाक्य तिथेच म्हणायचं होतं. "मी च-च-च," एवढंच निघालं.

"चहा आत देते बाबा, आधी चला," लेक म्हणाली आणि तिने अंगातला स्वतःचा कोट काढून त्यांना घातला. बाह्या कोपरापर्यंत आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांना हात लावला होता. मास्तरांचे डोळे भरून आले, आणि ते थंडीने आले असं त्यांनी न विचारता सांगून टाकलं.

आत ऊब होती. लेकीने हत्यारांची बॅग आणली, एक पक्कड काढली आणि लोखंडी पट्टी एका झटक्यात कापली. मास्तर बघत राहिले. गोदामात या कामाला दोन माणसं लागत. एकेक स्वेटर बाहेर येत गेला, आणि शेवटी सहाव्या स्वेटरच्या पोटातून हिरवी शेड निघाली. एक ओरखडासुद्धा नव्हता.

लेक शेड मांडीवर घेऊन बसली. "हा दिवा मी परत आले की मिळणार होता ना?"

"मी चुकलो," मास्तर म्हणाले. आता दात वाजत नव्हते. "तुझं इथे छान जमलंय."

"पहिले आठ दिवस मी रोज बॅग भरत होते बाबा. तुम्ही तसं म्हणाला होतात म्हणून आले नाही." मग ती हसली. "जिद्द तुमचीच आहे. स्टँड कुठाय?"

मास्तरांनी पेटीवरची अक्षरं वाचली. 'दोन पैकी एक.' त्यांना दार आठवलं, बूट आठवले, आणि नाड्या बांधताना आपण कशावर बसलो होतो तेही आठवलं.

"मला वाटलं दुसरी तुम्ही आधीच मालगाडीने पाठवलीत," बायको म्हणाली. "आणि आता सांगा, उरलेलं म्हणजे काय?"

"पँट्स," मास्तर हळूच म्हणाले. "सगळ्या."

अंगावरची एकमेव पँट हीटरवर वाळत घातली गेली. लेकीने कोपऱ्यात पडलेल्या लिफ्टच्या एका जुन्या दांड्यावर वायर ओढली, बल्ब लावला, शेड बसवली आणि बटण दाबलं. खोली हिरवट उजेडाने भरली. "स्टँड पुढच्या खेपेला आणा," ती म्हणाली. "म्हणजे पुन्हा यावं लागेल." मास्तरांना इतकं बरं वाटलं की आपण लेकीचा कामावरचा निळा डगला आणि तसलीच विजार घालून बसलोय, हेही ते विसरले.

तेवढ्यात दार वाजलं आणि मास्तरांनीच ते उघडलं. वरच्या मजल्यावरच्या आजीबाई उभ्या होत्या. लिफ्ट अडकली होती. त्यांनी मास्तरांच्या छातीवरची लिफ्ट कंपनीच्या नावाची पट्टी वाचली आणि विचारलं, "तुम्ही बाईंचे मदतनीस का?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. लेक हत्यारांची बॅग उचलत होती.

"हो," ते ताठ उभं राहून अभिमानाने म्हणाले. "आजच लागलो."

आजीबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. विजारीची मागची बाजू पुढे आली होती.

"मग तुम्ही राहू द्या," त्या म्हणाल्या. "बाईंनाच पाठवा."